अधिशयन काळ, विषाणूचे उपप्रकार आणि अलगीकरणाचे अर्थशास्त्र : चेन्नईचा अनुभव

मार्च २०२० नंतरच्या काळात ‘चौदा दिवस’ ही संख्या देशातील बहुतेक कुटुंबांच्या परिचयाची झाली. परगावाहून आलेल्या व्यक्तीने चौदा दिवस घरात राहावे, बाधिताच्या निकट सहवासितांनी चौदा दिवस बाहेर पडू नये, अशा सूचना गावोगावी दिल्या गेल्या. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा मात्र अनेक नियमांत चौदाच्या जागी सात दिवस आले. विषाणू तोच, आजाराचे नावही तेच. मग दिवस निम्मे का झाले? हा बदल वैद्यकीय ज्ञानामुळे झाला की आर्थिक अपरिहार्यतेमुळे? स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर अधिशयन काळ या संकल्पनेत दडलेले आहे. तथापि, ते केवळ वैद्यकशास्त्रात शोधून पूर्णपणे सापडत नाही. अलगीकरणाचा प्रत्येक दिवस हा कोणाचा तरी बुडालेला रोजगार असतो. म्हणून किती दिवस पुरेसे, हा सार्वजनिक धोरणाचा व अर्थशास्त्राचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात चेन्नई शहराच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

संकल्पनांची स्पष्टता

रोगजंतूने शरीरात प्रवेश केल्यापासून आजाराचे पहिले लक्षण दिसेपर्यंतच्या कालावधीस अधिशयन काळ असे म्हणतात. इन्क्युबेशन पीरिअड या नावानेही तो परिचित आहे. याच्या जवळच्या तीन संकल्पनांशी त्याची गल्लत होऊ देता कामा नये.

पहिली संकल्पना सुप्त काळाची. संसर्ग झाल्यापासून ती व्यक्ती इतरांना संसर्ग देऊ लागेपर्यंतचा हा काळ होय. दुसरी, संसर्गक्षम काळाची. व्यक्ती इतरांना बाधित करू शकते तो हा काळ होय. तिसरी, पिढी-काळाची. एका व्यक्तीला संसर्ग झाल्यापासून तिच्याकडून दुसऱ्या व्यक्तीला संसर्ग होईपर्यंतचे हे अंतर असते.

सन २००३ मधील सार्सच्या साथीत रुग्ण प्रामुख्याने लक्षणे दिसल्यानंतर, आजार बळावल्यावर संसर्ग देत असे. त्यामुळे लक्षणे दिसताच रुग्णाला वेगळे ठेवणे पुरेसे ठरले आणि ती साथ आटोक्यात आली. कोविड-१९ मध्ये मात्र लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासूनच रुग्ण संसर्ग देऊ शकतो, असे २०२० च्या पूर्वार्धातच निदर्शनास आले. म्हणजेच येथे सुप्त काळ हा अधिशयन काळापेक्षा लहान आहे. स्वतःला निरोगी समजणारी व्यक्ती कामावर जाते, बाजारात वावरते आणि तिच्या नकळत साथ पुढे सरकते.

अलगीकरण आणि विलगीकरण यांतील भेदही येथेच स्पष्ट होतो. संसर्गाची शक्यता असलेल्या, परंतु अद्याप आजारी नसलेल्या व्यक्तीला वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण. त्याची मुदत अधिशयन काळावरून ठरते. आजार निश्चित झालेल्या व्यक्तीला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. त्याची मुदत संसर्गक्षम काळावरून ठरते. परीक्षेतील उत्तरांत या दोहोंची सरमिसळ वारंवार आढळते.

उपप्रकारानुसार अधिशयन काळ

श्वसनमार्गाच्या विषाणूंचा अधिशयन काळ एकसारखा नसतो. सन २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार त्याचा मध्यक इन्फ्लुएन्झा-ए साठी १.४ दिवस, सार्ससाठी ४ दिवस, तर गोवरासाठी १२.५ दिवस आहे. परंतु एकाच विषाणूच्या निरनिराळ्या उपप्रकारांमध्येही हा काळ बदलू शकतो, याचा ठळक प्रत्यय कोविड-१९ ने दिला.

मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूळ विषाणूसाठी हा मध्यक ५.१ दिवस आढळला. लक्षणे दिसणाऱ्यांपैकी ९७.५ टक्के रुग्णांत ती ११.५ दिवसांच्या आत दिसत होती. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये १४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील उपप्रकारनिहाय सरासरी पुढीलप्रमाणे आहे :

अल्फा : ५.०० दिवस (१ अभ्यास, ६,३७४ रुग्ण)
बीटा : ४.५० दिवस (१ अभ्यास, १० रुग्ण)
डेल्टा : ४.४१ दिवस (६ अभ्यास, २,३६८ रुग्ण)
ओमायक्रॉन : ३.४२ दिवस (५ अभ्यास, ८२९ रुग्ण)

नवा प्रबळ उपप्रकार आला की अधिशयन काळ घटला, असा कल या आकड्यांतून दिसतो. तथापि, कंसातील संख्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. बीटाचा आकडा अवघ्या दहा रुग्णांवर आधारित आहे. हजारो रुग्णांच्या आकड्याइतके वजन त्याला देता येणार नाही. सांख्यिकी माहिती वाचताना उत्तराबरोबर नमुन्याचा आकारही पाहण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घेतली पाहिजे.

ओमायक्रॉनविषयी सुरुवातीची विश्वासार्ह माहिती नॉर्वेतील ऑस्लो शहरातून मिळाली. तेथे नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस झालेल्या एका मेजवानीतून अनेकांना संसर्ग झाला. सर्वांचा संपर्क एकाच संध्याकाळी झाल्याने संसर्गाचा दिवस निश्चित होता. त्यावरून अधिशयन काळाचा मध्यक तीन दिवस असल्याचे आढळले. एरवी व्यक्तीला नेमका कोणत्या दिवशी संसर्ग झाला, हे सांगणे अवघड असते. त्यामुळेच अधिशयन काळाचे मापन वाटते तितके सोपे नाही.

हा काळ का घटला? याचे एक कारण जैविक आहे. डेल्टाच्या काटेरी प्रथिनातील बदलांमुळे पेशीप्रवेश सुलभ झाला, तर ओमायक्रॉन श्वासनलिकांमध्ये अधिक वेगाने वाढत असल्याचे प्रयोगशाळांत आढळले. दुसरे कारण लोकसंख्येतील प्रतिकारशक्तीशी निगडित असू शकते. चेन्नईस्थित राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीत मे-जून २०२० मध्ये केवळ ०.७३ टक्के प्रौढांमध्ये प्रतिपिंडे आढळली होती. जून-जुलै २०२१ मधील चौथ्या पाहणीत हेच प्रमाण, सहा वर्षांवरील व्यक्तींमध्ये, ६७.६ टक्के होते. म्हणजे मूळ विषाणू आणि ओमायक्रॉन यांची गाठ एकाच प्रकारच्या लोकसंख्येशी पडली नाही. तिसरे कारण मापनातील आहे. साथ वेगाने वाढत असताना नुकताच संसर्ग झालेल्यांचे प्रमाण जास्त असते आणि ज्यांना लवकर लक्षणे दिसतात तेच आधी नोंदले जातात. परिणामी काळ प्रत्यक्षापेक्षा लहान भासतो. उपप्रकारांतील सर्वच फरक विषाणूच्या गुणधर्मामुळे आहे, असा सरधोपट निष्कर्ष म्हणून काढू नये.

कोयंबेडूचा धडा

अधिशयन काळात साथ कशी पसरते, याचे उदाहरण चेन्नईच्या कोयंबेडू घाऊक बाजाराने दिले. तीन हजारांहून अधिक दुकाने असलेला हा बाजार केवळ शहराचाच नव्हे, तर आसपासच्या जिल्ह्यांचाही भाजीपाला, फळे व फुले यांचा मोठा आधार आहे. शहरात २६ ते २९ एप्रिल २०२० या काळात संपूर्ण टाळेबंदी जाहीर झाली आणि तिच्या आदल्या दिवशी खरेदीसाठी बाजारात मोठी गर्दी उसळली. एप्रिल अखेरीपासून बाजाराशी संबंधित रुग्ण आढळू लागले. ५ मे रोजी बाजार बंद करण्यात आला आणि भाजीपाल्याचा घाऊक व्यापार शहराबाहेर तिरुमळिसै येथे हलविण्यात आला.

तथापि, बाजार बंद होण्यापूर्वीच अनेक हमाल, मजूर आणि वाहनचालक कडलूर, विळुपुरम, अरियलूर आदी जिल्ह्यांतील आपापल्या गावी परतले होते. निघताना त्यांच्यापैकी अनेकांना कोणतीही लक्षणे नव्हती. त्यानंतर या जिल्ह्यांत रुग्णसंख्या एकदम वाढली. गर्दीचा २५ एप्रिल हा दिवस आणि बाजार बंद झाल्याचा दिवस यांत दहा दिवसांचे अंतर होते. सर्व संसर्ग त्या एकाच दिवशी झाला असे म्हणता येणार नाही. परंतु मूळ विषाणूचा मध्यक अधिशयन काळ पाच दिवसांचा धरल्यास, या दहा दिवसांत दोन अधिशयन काळ उलटून गेले होते.

यातील आर्थिक बाजू महत्त्वाची आहे. हे श्रमिक गावी परतले ते बेजबाबदार होते म्हणून नव्हे. काम थांबल्यानंतर शहरात राहण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून ते परतले. मजुरी थांबताच मुक्काम हलविणे हा त्यांच्या दृष्टीने तर्कसंगत निर्णय होता. परंतु त्या निर्णयाचा खर्च त्यांच्या गावांनाही सोसावा लागला. अर्थशास्त्रात यालाच नकारात्मक बाह्यता असे म्हणतात. व्यक्तीच्या लाभ-हानीच्या हिशेबात समाजाची हानी धरली जात नाही, तेव्हा शासनाचा हस्तक्षेप समर्थनीय ठरतो. मात्र तो हस्तक्षेप केवळ बंदी घालून पूर्ण होत नाही. घरात थांबणे परवडेल अशी व्यवस्थाही करावी लागते. बृहन्चेन्नई महानगरपालिकेने २०२० मध्ये वस्तीपातळीवर ताप तपासणी शिबिरे घेतली आणि अलगीकरणातील कुटुंबांना जीवनावश्यक वस्तू पोहोचविण्यासाठी स्वयंसेवक नेमले. त्यामागील विचार हाच होता.

चौदा दिवसांचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अधिशयन काळाचा मध्यक पाच दिवस असताना अलगीकरण चौदा दिवसांचे का? याचे कारण असे की धोरण मध्यकावर नव्हे, तर वितरणाच्या शेपटावर ठरते. मध्यक पाच दिवसांचा म्हणजे निम्म्या रुग्णांना पाच दिवसांनंतर लक्षणे दिसणार. पाचव्या दिवशी अलगीकरण संपविले, तर हे सर्व रुग्ण समाजात मिसळतील.

मूळ विषाणूच्या उपर्युक्त अभ्यासातील वितरण घेतल्यास, लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे २० टक्के ७ दिवसांनंतर, सुमारे ५ टक्के १० दिवसांनंतर आणि सुमारे १ टक्का १४ दिवसांनंतर आजारी पडतात, असे ढोबळमानाने धरता येते. समजा, एका शहरात १०,००० सहवासितांचे अलगीकरण केले आणि त्यांपैकी १,००० जणांना संसर्ग होऊन पुढे लक्षणे दिसणार आहेत. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

अलगीकरण ७ दिवसांचे ठेवले, तर सुमारे २०० रुग्ण निसटतील; १० दिवसांचे ठेवले, तर सुमारे ५०; आणि १४ दिवसांचे ठेवले, तर सुमारे १०. सातवरून दहा दिवसांवर जाण्यासाठी ३०,००० मनुष्यदिवस अधिक खर्ची पडतात आणि १५० रुग्ण वेळीच लक्षात येतात. म्हणजे दर रुग्णामागे २०० मनुष्यदिवस. दहावरून चौदा दिवसांवर जाण्यासाठी आणखी ४०,००० मनुष्यदिवस लागतात आणि केवळ ४० रुग्ण लक्षात येतात. म्हणजे दर रुग्णामागे १,००० मनुष्यदिवस. अलगीकरणाचा प्रत्येक पुढचा दिवस अधिक महाग आणि कमी फलदायी ठरत जातो. सीमान्त लाभ घटत जाण्याचे हे उदाहरण आहे.

तेव्हा ‘चौदा’ ही निसर्गाने ठरवून दिलेली सीमा नव्हती. किती धोका स्वीकारावा, याविषयीचा तो सामाजिक निर्णय होता. सन २०२० मध्ये लस उपलब्ध नव्हती, उपचारांची निश्चिती नव्हती आणि एक रुग्ण निसटण्याची संभाव्य किंमत फार मोठी होती. अशा वेळी महाग दिवसही समर्थनीय ठरले. मे २०२० मध्ये परदेशातून येणाऱ्या प्रवाशांसाठी सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक आणि सात दिवस घरी, असे चौदा दिवसांचे अलगीकरण होते. जानेवारी २०२२ मध्ये प्रवाशांसाठी सात दिवसांचे गृह अलगीकरण आणि आठव्या दिवशी चाचणी, असा नियम लागू होता. ओमायक्रॉनचे वितरण डावीकडे सरकले असल्याने कमी दिवसांतही धोक्याची पातळी पुष्कळ खाली येत होती. लसीकरण आणि पूर्वीचा संसर्ग यांमुळे निसटणाऱ्या रुग्णाची सामाजिक किंमतही घटली होती.

लहान अधिशयन काळ : लाभ आणि हानी

अधिशयन काळ घटला म्हणजे अलगीकरण स्वस्त झाले, हे खरे. परंतु ही केवळ अर्धी बाजू होय. काळ घटला की आरोग्य यंत्रणेच्या हाती असलेला अवधीही घटतो.

पाच दिवसांच्या अधिशयन काळात लक्षणांच्या दोन दिवस आधी संसर्गक्षमता सुरू होते असे मानल्यास, सहवासिताला शोधून वेगळे करण्यासाठी तीन दिवस मिळतात. अधिशयन काळ साडेतीन दिवसांचा झाला आणि इतर गृहीतके तीच ठेवली, तर हा अवधी दीड दिवसावर येतो. मूळ रुग्णाने तपासणीस येणे, नमुना घेणे, आरटी-पीसीआर अहवाल मिळणे, सहवासितांची यादी करणे आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणे ही सर्व साखळी दीड दिवसात पूर्ण होणे कोणत्याही महानगरात कठीण आहे.

साथीच्या वेगावरही परिणाम होतो. समजा, प्रत्येक रुग्ण सरासरी दोघांना संसर्ग देतो. पिढी-काळ पाच दिवसांचा असेल, तर पंधरा दिवसांत तीन पिढ्या होतात आणि शेवटच्या पिढीत आठ रुग्ण असतात. पिढी-काळ तीन दिवसांचा झाला, तर त्याच पंधरा दिवसांत पाच पिढ्या होऊन हीच संख्या बत्तीस होते. एका रुग्णाकडून होणाऱ्या संसर्गांची संख्या तीच राहूनही साथ चौपट मोठी दिसते.

चेन्नईत हे प्रत्यक्ष घडले. नायजेरियातून दोहामार्गे आलेल्या एका प्रवाशात ओमायक्रॉन आढळल्याचे १५ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर झाले. तमिळनाडूतील ही पहिली नोंद होती. डिसेंबरअखेर दररोज काही शेकडा असलेले शहरातील नवे रुग्ण जानेवारी २०२२ च्या मध्यास आठ हजारांपुढे गेले. मे २०२१ मधील डेल्टाच्या लाटेत दैनंदिन रुग्णसंख्या सात हजारांवर गेली होती. म्हणजे नव्या लाटेने तो उच्चांक ओलांडला. मात्र मृत्यूंचे प्रमाण तुलनेने बरेच कमी राहिले. मे २०२१ मध्ये राज्यात संपूर्ण टाळेबंदी लागू करावी लागली होती. जानेवारी २०२२ मध्ये रात्रीची संचारबंदी आणि रविवारची टाळेबंदी यांवर भागले. धोरणाचा भर प्रत्येक सहवासित शोधण्याकडून लसीकरण व गंभीर रुग्णांवरील उपचार यांकडे वळला. याचे एक महत्त्वाचे कारण घटलेल्या अवधीत आहे.

संस्थात्मक पाया

दिवसांची संख्या योग्य वेळी बदलता यावी, यासाठी स्थानिक माहिती हवी आणि ती निर्माण करणाऱ्या संस्था हव्यात. या बाबतीत चेन्नईची परंपरा उल्लेखनीय आहे. गिंडी येथील किंग संस्था १८९९ पासून प्रतिबंधक वैद्यकाचे कार्य करीत आहे. मद्रास सार्वजनिक आरोग्य अधिनियम, १९३९ हा अशा प्रकारचा देशातील आद्य कायदा मानला जातो. राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली, ती वैद्यकीय सांख्यिकीतील संशोधन संस्थेला सामावून घेऊन. साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचे नाते त्यातून अधोरेखित होते.

तमिळनाडू व आंध्र प्रदेश येथील सहवासित शोधाच्या माहितीवर आधारित एक अभ्यास २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे नेतृत्व अर्थतज्ज्ञ व साथरोगतज्ज्ञ रमणन लक्ष्मीनारायण यांनी केले. त्यात ८४,९६५ रुग्णांच्या ५,७५,०७१ सहवासितांच्या चाचण्यांचे विश्लेषण होते. सुमारे ७० टक्के रुग्णांच्या सहवासितांत पुढे कोणालाही संसर्ग झाल्याचे आढळले नाही. म्हणजे बहुतांश प्रसार थोड्या रुग्णांकडून झाला होता. क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन भरलेले तक्ते जागतिक ज्ञानात भर घालू शकतात, हे यातून सिद्ध झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये राज्याने चेन्नईत जनुकीय क्रमनिर्धारणाची स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. उपप्रकार ओळखण्यास लागणारा वेळ घटविणे हाच त्यामागील हेतू होता.

समारोप

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ ची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु श्वसनमार्गाचा नवा विषाणू पुन्हा कधी येईल हे सांगता येत नाही. तो येईल तेव्हा ‘किती दिवस?’ हाच प्रश्न पुन्हा विचारला जाईल. त्याचे उत्तर शोधताना तीन बाबी लक्षात ठेवाव्यात. सरासरीपेक्षा वितरणाचे शेपूट महत्त्वाचे असते. लहान अधिशयन काळ अलगीकरण सुलभ करतो, पण प्रतिबंध कठीण करतो. आणि दिवसांची संख्या विज्ञानाच्या आधारे सुचविता येते. मात्र त्या दिवसांचा भार कोणी उचलायचा, हे समाजाला ठरवावे लागते.

कोयंबेडूच्या हमालाला चौदा दिवस घरात बसविणे कागदावर सोपे असते. त्या चौदा दिवसांची मजुरी आणि शिधा यांची तरतूद त्याच आदेशात असेल, तरच तो आदेश पाळला जाण्याची अपेक्षा करता येते. सार्वजनिक आरोग्य आणि सामाजिक सुरक्षा हे अभ्यासक्रमात दोन स्वतंत्र घटक असले, तरी साथीच्या काळात ते एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.